चौथ्या बाटलीतलं लोखंड

१

माझ्या भाचीच्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईने आडवा शेरा मारला होता: नक्कल. एवढ्या मोठ्या अक्षरात, की खाली तिने काय लिहिलंय तेही नीट वाचता येईना.

रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख साहेबांनी ती उत्तरपत्रिका प्राचार्य मॅडमच्या टेबलावर ठेवली. शेजारी एक पाकीट ठेवलं, फोडून परत चिकटवलेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, उत्तरसूची या पाकिटात होती आणि पाकीट कपाटात. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक या लॅबच्या बाईंकडे. परीक्षेला यांची भाची बसली होती. आणखी काय सांगू?"

"सांगा की," मी म्हटलं. "तोंड उघडलंच आहे तर सगळं बोलून टाका."

"बाई, आवाज खाली."

"माझा आवाज एवढाच आहे साहेब. सव्वीस वर्षं नळाखाली बाटल्या धुतल्यात. त्या आवाजावर बोलायचं म्हणजे असाच होतो."

मला इथे सगळे मागून बाटलीबाई म्हणतात, मला माहीत आहे. म्हणोत. प्रयोगशाळेतली प्रत्येक बाटली माझ्या हातून धुतली, भरली आणि मांडली जाते. मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही, पण कोणत्या बाटलीत काय आहे ते मला झाकण उघडल्यावर कळतं. काही काही तर न उघडतासुद्धा.

परीक्षा होती संशोधन संस्थेतल्या एका जागेसाठी. जागा एकच, बसणारी मुलं चार: माझी भाची, साहेबांचा सख्खा पुतण्या आणि त्याचे दोन मित्र. चार बाटल्या, चार अनोळखी द्रावणं. प्रत्येक बाटलीतला क्षार तपासायचा, त्यात कोणते आयन आहेत ते शोधायचं आणि संयुगाचं नाव लिहायचं. पुतण्या आणि मित्र यांची चारही उत्तरं बरोबर. भाचीची तीन बरोबर, चौथं चूक.

"चोरीच करायची होती तर एक उत्तर चुकवलं कशाला तिने?" मी विचारलं.

साहेब पहिल्यांदा माझ्याकडे वळून हसले. "संशय येऊ नये म्हणून. हुशार आहे मुलगी. वर्षभराचे गुण एवढे आहेत की एक चुकवूनही पहिलीच येते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ते वाक्य मी मनात नीट घडी घालून ठेवलं. एक चुकवूनही पहिलीच येते. म्हणजे साहेबांनी बेरीज करून बघितली होती.

मॅडम भूगोलाच्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, नक्कल ठरली तर मुलीला तीन वर्षं कोणत्याही परीक्षेला बसता येणार नाही. आणि तुमची नोकरी मी वाचवू शकणार नाही. यादी आज चार वाजता संस्थेकडे जाते. तुमच्याकडे काही सांगण्यासारखं असेल तर त्याआधी सांगा."

घड्याळात सव्वा बारा झाले होते.

२

भाची प्रयोगशाळेच्या पायरीवर बसली होती, हनुवटी वर करून. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. सात वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे. तेव्हापासून मी तिला प्रश्नपत्रिका म्हणते, कारण तोंडातून दुसरं काही निघतच नाही.

"मावशी, मी माफीनामा लिहिणार नाही," ती म्हणाली.

"लिही म्हटलं तर तुझे कान उपटीन. चौथ्या बाटलीत काय होतं ते सांग."

"लोखंड."

"ते मलाही माहीत आहे बये, मीच भरली होती. फेरस सल्फेट."

"नव्हतं." तिने मान हलवली. "म्हणजे होतं, थोडंसं. पण जास्त होतं ते फेरिक. मी कॉस्टिक सोडा घातला तर विटकरी साका पडला, कडेला जरासा मळकट हिरवा. दुसऱ्या नळीत थायोसायनेटचे दोन थेंब टाकले, तर रक्तासारखं लाल झालं. मी तेच लिहिलं: दोन्ही आहेत, फेरिक जास्त. उत्तरसूचीत नुसतं फेरस असेल तर असू दे. मी माझ्या डोळ्यांना खोटं पाडू का?"

मी तिच्या शेजारी बसले.

हे समजायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. लोखंडाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन सोडले की तो फेरस आयन होतो, पाण्यात फिकट हिरवा दिसतो. तीन सोडले की फेरिक, पिवळट-तांबूस; थायोसायनेट लाल होतं ते यानेच. लोखंड तेच, पण नाव वेगळं, रंग वेगळा, वागणूक वेगळी. आणि फेरसची खोड अशी, की हवा लागली की हळूहळू तो तिसराही इलेक्ट्रॉन सोडून देतो. म्हणून जुन्या लॅबवाल्या फेरसच्या बाटलीत ॲसिडचे चार थेंब आणि एक स्वच्छ लोखंडी खिळा टाकून ठेवतात. कोणी फेरिक व्हायला लागला की खिळ्यातलं लोखंड त्याला गेलेला इलेक्ट्रॉन परत देतं. बाटली महिनोन्महिने हिरवी राहते. मला हे माझ्या आधीच्या बाईंनी शिकवलं होतं.

"मावशी, खिळा?" भाचीने विचारलं. तिला लहानपणापासून माहीत होता तो खिळा.

"टाकला नाही." मी म्हटलं. "साहेब म्हणाले होते, माझ्या परीक्षेच्या बाटलीत भंगार नको. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, नको तर नको. ॲसिडही घातलं नाही. नुसता कापसाचा बोळा लावला आणि ठेवली खिडकीत. मग लॅबमधला नळ फुटला, परीक्षा अकरा दिवस पुढे गेली, आणि साहेब म्हणाले तीच द्रावणं वापरा. परीक्षेच्या दिवशी सकाळी मला पिवळसर झाक दिसली गं. दिसली, आणि मी बोलले नाही. फुगून बसले होते मी."

 ती म्हणाली, "तू बोलायला हवं होतंस."

"हो."

"माझं सगळं जाणार होतं त्यात."

"हो गं. चुकलं माझं."

मी आयुष्यात फार वेळा हे वाक्य म्हटलेलं नाही. तिलाही ठाऊक होतं. तिने ओढणीने नाक पुसलं, आणि पुसता पुसता एकदम थांबली. "थांब. म्हणजे मी बरोबर होते! बाटलीत खरंच फेरिक होतं!"

"होतं."

"मग त्या तिघांना फेरस कुठून सापडलं?"

३

मी तडक मॅडमच्या खोलीत गेले आणि उरलेल्या तीन उत्तरपत्रिका मागितल्या. मॅडमनी जरा विचार केला आणि पुढे सरकवल्या. मी उभ्या उभ्याच वाचल्या.

चौथ्या बाटलीखाली तिघांनी शब्दाला शब्द तेच लिहिलं होतं. "फिकट हिरवं द्रावण. कॉस्टिक सोड्याने मळकट हिरवा साका. पोटॅशियम फेरीसायनाईडने गडद निळा साका. म्हणून फेरस." तिघं तीन टोकांच्या टेबलांवर बसले होते, एकमेकांचं बघणं शक्य नव्हतं.

फेरीसायनाईड वाचलं आणि मला हसू फुटलं. मॅडमना वाटलं माझं डोकं फिरलं.

"मॅडम, मला तीन माणसांशी बोलू द्या," मी म्हटलं. "तोवर चौथ्या बाटलीला कोणी हात लावायचा नाही."

"तिच्यावर तर साहेबांनीच सहीची पट्टी चिकटवली आहे. परीक्षा संपल्या संपल्या बूच घट्ट बसवून चारही बाटल्या सीलबंद केल्या. नियमच आहे तसा."

"ते तर फारच छान झालं," मी म्हटलं.

पहिले गाठले टायवाले सर. हे आमचे तरुण प्रयोग-साहाय्यक. उन्हाळा असो, लॅबला आग लागो, गळ्यात टाय हवाच. परीक्षेवर देखरेख त्यांची होती.

"बाई, माझ्यावर संशय घेताय?" ते एकदम चवताळले. "मी तर परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुमच्याबरोबर टेबलं मांडत होतो!"

"म्हणूनच विचारते. फेरीसायनाईडची बाटली कुठे होती?"

"कुठे म्हणजे? तुमच्याच हातून फुटली ना आदल्या दिवशी! दुसरी शिल्लक नव्हती. मी स्वतः फळ्यावर खडूने लिहिलं, फेरीसायनाईड उपलब्ध नाही, दुसरी चाचणी वापरा. हे एवढं मोठं लिहिलं."

"साहेब आले होते का लॅबमध्ये तेव्हा?"

टायवाले सर गाठ सैल करत म्हणाले, "साहेब? ते लॅबमध्ये शेवटचे कधी आले हे तुम्हीच सांगा. त्या दिवशीसुद्धा पेपर संपल्यावर दारातच उभे राहिले आणि बाटल्या बाहेर मागवून पट्ट्या लावल्या. कोटाला डाग पडतो म्हणे."

दुसरे टायपिस्ट काका. उत्तरसूची त्यांनी टाइप केली होती. वयाने माझ्याहून मोठे, कानाने जरा जड, आणि मनाने देवमाणूस.

"काका, सूचीत काय काय होतं?"

"चार ओळी. चार नावं. कॉपर सल्फेट, झिंक क्लोराईड आणि आणखी दोन. मला काय कळतंय त्यातलं? मी आपला अक्षर बघून ठोकतो."

"नुसती नावं? कोणता साका, कोणता रंग, असं काही?"

"काही नाही बाई. चार ओळी म्हणजे चार ओळी. लगेच पाकिटात घातली, साहेबांनी लाखेचं सील मारलं." मग टेबलावर इकडे तिकडे चाचपडत म्हणाले, "तुमच्याकडे डिंक असेल तर द्या हो जरा. माझी बाटली काल दुपारी साहेब घेऊन गेले. परत मागायची हिंमत कोणाची?"

मी काकांना चहा पाजला. एवढं सुख मला त्या दिवशी कोणीच दिलं नव्हतं.

तिसरा पुतण्या. कँटीनच्या मागे मित्रांबरोबर पाय पसरून बसला होता. मला बघून एकदम सावरून बसला. पोरगा वाईट नाही, पण वर्षभर त्याची प्रयोगवही मी बघत आलेय. आधी निष्कर्ष लिहितो, मग प्रयोग, आणि दोन्ही चूक.

"काय रे, चौथ्या बाटलीचा रंग कसा होता?"

"हिरवा," तो लगेच म्हणाला. "फिकट हिरवा."

"आणि निळा साका कशाने आला?"

"फेरीसायनाईड टाकलं मी."

"टेबलावर होती का बाटली?"

"होती की."

"फळ्यावर काय लिहिलं होतं त्या दिवशी?"

 मित्रांपैकी एक हळूच उठला आणि चालायला लागला. दुसरा त्याच्या मागे.

"वर्गात फळा होता, एवढं तरी आठवतंय का?" मी म्हटलं. "चल, तुझ्या साहेब काकांना भेटू."

४

सव्वातीनला साहेब, पुतण्या, भाची आणि मी मॅडमच्या खोलीत जमलो. टेबलावर चौथी बाटली, पट्टीवर साहेबांची लफ्फेदार सही. परीक्षानळ्यांचा स्टँड, कॉस्टिक सोडा आणि थायोसायनेट मी लॅबमधून आणलं होतं.

"साहेब, पट्टी तुमचीच ना?" मी विचारलं.

"अर्थात."

"मग तुमच्याच हाताने फोडा आणि तुम्हीच तपासा. मी हात लावला तर म्हणाल बाईने गडबड केली."

साहेबांनी कंटाळल्यासारखं करत पट्टी फाडली. बूच काढून थोडं द्रावण नळीत ओतलं. मॅडम भूगोलाच्या असल्या तरी त्यांनाही दिसलं. रंग हिरवा नव्हता, गढूळ पिवळा होता. साहेबांनी कॉस्टिक सोडा घातला. नळीत विटकरी साका खाली बसायला लागला. दुसऱ्या नळीत थायोसायनेट पडलं आणि द्रावण लालभडक झालं.

 माझी भाची त्या नळीकडे बघत होती.

"यात विशेष काय?" साहेबांनी नळी स्टँडमध्ये ठेवली. "मॅडम, यांना शास्त्र माहीत नाही म्हणून आश्चर्य वाटतंय. फेरसचं द्रावण हवेत राहिलं की फेरिक होतं. हे द्रावण पंधरा दिवसांचं आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाला विचारा."

"पहिल्या वर्षाच्या मुलालाच विचारू या," मी म्हटलं. "पण आधी तुम्हाला विचारते. अकरा दिवस ते द्रावण कापसाच्या बोळ्याखाली उघडं होतं. मग परीक्षा झाली. मग तुम्ही घट्ट बूच मारून पट्टी लावली, त्याला आज चौथा दिवस. हवा लागली ती कधी? आधी की नंतर?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला.

"म्हणजे परीक्षेच्या दिवशीच ते फेरिक झालेलं होतं," मॅडम सावकाश म्हणाल्या.

"झालेलं होतं. जिने खरोखर तपासलं तिने तेच लिहिलं. ज्यांनी तपासलंच नाही त्यांनी फेरस लिहिलं, कारण सूचीत तसं होतं. मॅडम, या चारांत सूची जिच्या हाती लागली नाही अशी मुलगी एकच आहे, आणि शेरा तिच्याच पेपरावर आहे."



"ठीक आहे," साहेब म्हणाले. घाम पुसत होते, पण मान ताठ होती. "मुलांना सूची मिळाली असेल. कोणाकडून? टायपिस्टकडून. नाहीतर देखरेख करणाऱ्याकडून. माझ्याकडे बोट कशाला?"

"टायपिस्ट काकांनी चार नावं टाइप केली. तिघांनी लिहिलीये ती अख्खी चाचणी, पायरीला पायरी बरोबर. ती रसायन शिकलेल्या माणसानेच लिहून दिलेली आहे, काकांच्याने ते होणार नाही. टायवाल्या सरांना आदल्या दिवशीच माहीत होतं की फेरीसायनाईड लॅबमध्ये नाही. त्यांनीच ते फळ्यावर लिहिलं. ते लिहून देतील तर दुसरी चाचणी लिहितील. आता उरला असा माणूस, की ज्याला रसायन येतं आणि लॅबमध्ये काय आहे, काय नाही याचा पत्ता नाही. मॅडम, लॅबमध्ये पाय न ठेवता लॅब चालवणारे या इमारतीत एकच आहेत."

"तोंड सांभाळा, बाई!"

"सव्वीस वर्षं सांभाळलंय. आज नाही सांभाळत."

"आणि हे पाकीट?" मॅडमनी विचारलं. "साहेबांनी सूची स्वतःच केली होती. त्यांना पाकीट फोडायची काय गरज?"

"आत काय आहे हे बघायला नाहीच फोडलं. फोडलेलं दिसावं म्हणून फोडलं. परवा गुणांची बेरीज झाली. पुतण्याची चारही बरोबर, तरी माझी भाची पुढे. मग काल दुपारी टायपिस्ट काकांच्या टेबलावरून डिंक गेला, आणि आज लाखेच्या सीलऐवजी डिंकाने चिकटवलेलं पाकीट तुमच्यापुढे आलं. किल्ल्या दोनच, हे तर साहेबांनीच सांगितलं."

साहेब पुतण्याकडे वळले. तो आधीच रडायला लागला होता.

"काका, मी म्हटलं होतं ना नको म्हणून!" तो म्हणाला. "मला नव्हती पाहिजे ती जागा. तुम्हीच चिठ्ठी दिलीत. मी दोघांना दाखवली, एकट्याची भीती वाटली म्हणून."

मॅडमनी उठून दार लावून घेतलं.

५

दार लावून घेतल्यावर जे होतं ते मला ठाऊक आहे. मोठी माणसं आवाज खाली आणतात.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. "जागा तुमच्या भाचीला मिळेल, मी शब्द देते. साहेब लांबच्या रजेवर जातील. फक्त हे बाहेर नको. कॉलेजचं नाव जाईल. शेरा मारलेली उत्तरपत्रिका आपण बाजूला काढू, नवी जोडू. तुम्ही एका कागदावर सही करा की गैरसमज झाला होता. बस."

त्यांनी कागद पुढे केला. मी खोटं कशाला सांगू, माझा हात पेनाकडे गेला. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. पेन्शन आहे. पोरीला जागा मिळतेय, जे हवं होतं ते मिळतंय, अजून काय पाहिजे? एवढी वर्षं अशाच कागदांवर सह्या केल्या आहेत मी, आणि घरी जाऊन पातेली आपटली आहेत.

भाची माझ्याकडे बघत होती. नको म्हणत नव्हती, हो म्हणत नव्हती. मी परीक्षेच्या सकाळी जशी गप्प बसले होते, तशीच गप्प होती. आणि ते मला सहन होईना.

"नाही," मी म्हटलं. "कोणाचा गैरसमज झाला, मॅडम? माझा झाला नाही. हिचा तर मुळीच नाही. हिला सकाळी वर्गातून उठवून चोर म्हटलं, सगळ्या पोरांसमोर. तेव्हा दार लावलं होतं का कोणी? नवी उत्तरपत्रिका कशाला? हिने जी लिहिली तीच खरी आहे. तीच जाईल. मला काढायचं तर काढा नोकरीवरून. पण मी कारण सांगितल्याशिवाय जाणार नाही, आणि माझा आवाज केवढा आहे ते तुम्ही ऐकलंय."

 मॅडमनी तो कागद फाडला. भाचीची उत्तरपत्रिका उचलून साहेबांपुढे ठेवली, वर लाल पेन ठेवलं.

"शेरा खोडा," त्या म्हणाल्या. "मी उद्या वर्गात येऊन काय झालं ते सांगेन. आधी हे."

साहेबांनी शेऱ्यावर एक रेघ मारली. चौथ्या उत्तरापुढचं शून्य खोडून पूर्ण गुण दिले. पेनाचं टोपण लावायला गेले.

"कारण लिहा," भाची म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"नुसतं खोडलेलं दिसलं तर संस्थेतले लोक म्हणतील, मावशीने रडून खोडून घेतलं. काय चुकलं होतं आणि कोणाचं, ते लिहा."

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी साहेबांनी लिहिलं, अक्षर दाबून: विद्यार्थिनीचं निरीक्षण बरोबर आहे. उत्तरसूची चुकीची होती.

"सही," भाची म्हणाली.

त्यांनी सही केली. बाटलीवरच्या पट्टीवर होती तेवढी लफ्फेदार नव्हती.

"आणि तारीख."

त्यांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. साहेबांना तारीख आठवेना.

मी सांगितली.